आपलं ताट आपण

प्रिय ताई,

मी ४६ वर्षांची, डोंबिवलीत राहते, बँकेत नोकरी करते. दिवाळीची आवराआवर करताना कपाटाच्या लॉकरमधून माझं २००२ सालचं यूथ हॉस्टेलचं सभासद कार्ड निघालं. फोटोत मी इतकी हसते आहे की मुलांनी मला ओळखलंच नाही. त्या चार-पाच वर्षांत आम्ही पाच मैत्रिणी मिळेल त्या गाडीने, मिळेल त्या डॉर्मिटरीत राहून खूप फिरलो. हिमाचलात कसोलच्या कॅम्पवरून सार पासचा ट्रेक केला, पणजीला मिरामारच्या हॉस्टेलमध्ये राहिलो. खिशात पैसे नसायचे, तरी मजा होती. आपली सॅक आपण उचलायची, आपलं ताट आपण धुवायचं, बाकी कुणाचं काही बघायचं नाही.

येत्या मे महिन्यात घरच्यांना घेऊन असंच कुठेतरी जावं असं मनात आलं. ह्यांनी हिमाचलचं एक पॅकेज बघून ठेवलं होतं. म्हणाले, ‘आता काय आपण कॉलेजात आहोत?’ ताई, हे लालबागच्या चाळीत वाढले, एका खोलीत सात माणसं. त्यांना साधेपणाची सवय असायला हवी ना? सासूबाई ७४ वर्षांच्या. त्या म्हणाल्या, ‘लोक विचारतील, पैसे नाहीत का तुमच्याकडे?’ मुलगी १५ वर्षांची, ती फक्त ‘कॉमन बाथरूम? ई!’ एवढंच बोलली. धाकटा नऊ वर्षांचा. त्याने मात्र ‘वरची खाट माझी’ म्हणून सांगून टाकलं. त्या रात्री ओट्यापाशी भांडी घासता घासता मला रडूच आलं. हे माझं खूळ आहे का? आणि घरच्यांना त्यातली गंमत पटवू कशी?

– क., डोंबिवली

प्रिय क.,

तुमचं मूळ पत्र अडीच पानी आहे, इथे जागेपुरतं कापून छापलं आहे. मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वाचलं, कारण आयुष्य शाळेत गेलं आणि ती सवय काही सुटत नाही. अडीच पानांत कसोलची पार्वती नदी एकदा आली आहे. सार पासवरून बर्फावर बसून खाली घसरलात आणि पँट फाटली, तेही एकदाच. ताट धुण्याचा उल्लेख मात्र तीनदा आहे, आणि शेवटी रडू आलं तेही भांडी घासतानाच. हे मी आत्ता नुसतं नोंदवून ठेवते, त्यावर मागाहून बोलू.

आधी तुमच्या यजमानांची बाजू घेते. रागावू नका.

तुम्ही विचारता, चाळीत वाढलेल्या माणसाला साधेपणाची सवय असायला हवी ना? सवय आहे म्हणूनच त्यांना तो नको आहे. मी स्वतः गिरगावातल्या चाळीत लग्न होऊन गेले, त्यामुळे हे ऐकीव सांगत नाही. रात्री जेवणं झाली की पाट-ताटं उचलायची, फरशी पुसायची आणि त्याच फरशीवर अंथरुणं पडायची. पुरुष आणि मोठी मुलं गॅलरीत झोपायची. गावाहून कुणी आलं की सगळे एकेक वीत सरकायचे. पहाटे नळाला पाणी यायचं, तेव्हा घरातल्या एकाला तरी उठावंच लागे. गॅलरीच्या टोकाला संडास, हातात पाण्याचा डबा घेऊन रांग, आणि रांगेत पुढे उभा कोण, तर शाळेतले गणिताचे सर! दहावीचा अभ्यास जिन्यातल्या दिव्याखाली. बायकांना उठून कपडे बदलायचे तर बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं.

ज्या माणसाने वीस-बावीस वर्षं रोज डॉर्मिटरीत काढली, तो सुट्टीत पैसे मोजून परत डॉर्मिटरीत कशाला जाईल? तुमच्या हॉस्टेलला चेकआउट होतं. त्याच्या आत तुम्ही सॅक बांधून निघत होतात आणि घरी आईने तुमची खोली तशीच ठेवलेली असायची. त्यांच्या खोलीला चेकआउट नव्हतं. तुम्हाला ज्या गर्दीत मोकळं वाटलं, तिच्यातून बाहेर पडण्यासाठी त्यांनी नोकरी केली, कर्ज काढलं, डोंबिवलीला ब्लॉक घेतला. हॉटेलच्या खोलीतला पांढराशुभ्र टॉवेल आणि आतून कडी लागणारं स्वतंत्र न्हाणीघर ही त्यांची चैन आहे, आणि ती त्यांनी कमावलेली आहे.

म्हणून मे महिन्यातल्या पॅकेजला हो म्हणा. ‘जा तुम्हाला हवं तिथे’ असं तोंड पाडून मात्र म्हणू नका.

पण त्यांचा तो टोमणा, ‘आता काय आपण कॉलेजात आहोत?’, तो मात्र साफ चुकीचा आहे. हॉस्टेल ही कल्पना निघाली तीच मुळी शाळकरी मुलांसाठी. रिचर्ड शिरमान नावाचा एक जर्मन शाळामास्तर १९०९ च्या ऑगस्टमध्ये वर्गातली मुलं घेऊन पायी सहलीला गेला होता. वाटेत वादळी पावसाने गाठलं. शेवटी एका गावातल्या शाळेत बाकं बाजूला सरकवून, पेंढा पसरून मुलांना झोपवलं. मुलं झोपली, मास्तर जागाच. (माझ्या शाळेच्या सगळ्या सहलींत हेच झालेलं आहे, त्यामुळे हा भाग मला विशेष पटतो.) सुट्टीत शाळांच्या इमारती रिकाम्याच असतात, तर तिथे फिरत्या मुलांना का राहू देऊ नये, हे त्याला त्या जाग्या रात्री सुचलं. १९१२ साली आल्टेना गावच्या किल्ल्यात पहिलं यूथ हॉस्टेल उघडलं. आपल्याकडे यूथ हॉस्टेल असोसिएशन १९४९ साली निघाली. आजही तिचे सभासद व्हायला वयाची वरची अट नाही आणि कुटुंबांसाठी वेगळे कॅम्पही असतात. तेव्हा नऊ वर्षांचा तुमचा मुलगा हा हॉस्टेलचा खरा हक्कदार आहे. त्याने वरची खाट मागितली, यात मला काही नवल वाटत नाही.

आता सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना फक्त एक प्रश्न विचारा: ‘आई, तुम्ही पंढरपूरला पहिल्यांदा गेलात तेव्हा उतरलात कुठे?’ मी पैजेवर सांगते, उत्तर हॉटेल असं येणार नाही. धर्मशाळा असेल, मठ असेल, कुणा ओळखीच्याची ओसरी असेल. गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, नाशिकला धर्मशाळा बांधल्या त्या कुणासाठी? शेगावला भक्तनिवासात मोठ्या हॉलमध्ये शेजारी शेजारी झोपताना, सेवेकऱ्यांनी सांगितल्या शिस्तीत रांगेत उभं राहताना, ‘लोक काय म्हणतील’ हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. मणिकरणच्या गुरुद्वारात तुम्ही जेवला असालच, कसोलपासून चार-पाच किलोमीटर तर आहे. तिथे गरम पाण्याच्या कुंडात शिजलेला भात खाताना शेजारी कोण बसलंय ते तुम्ही तरी बघितलं होतं का? देवाच्या दारी जी गोष्ट चालते ती यूथ हॉस्टेलच्या दारी कमीपणाची वाटते, एवढंच आहे ते. सासूबाईंना ते पटवून देण्याची गरज नाही. त्यांना त्यांची गोष्ट सांगू द्या. मुलीलाही शेजारी बसवा. कॉमन बाथरूमला ‘ई’ म्हणणाऱ्या मुलीने चंद्रभागेच्या वाळवंटात पहाटे आंघोळ केलेल्या आजीकडून ते वर्णन जरूर ऐकावं.

माझी एक फजिती सांगते, म्हणजे तुमची टळेल.

फजिती १९९८ सालची, पण तिची सुरुवात कितीतरी आधीची. लग्नाआधी मी एका समुद्रकाठच्या गावी हॉस्टेलमध्ये आठ दिवस राहिले होते. लोखंडी दुमजली खाटा, उशीला डांबरगोळ्यांचा वास, रात्री दहाला दिवे बंद, आणि सकाळी तिथले राखणदार काका अॅल्युमिनियमच्या किटलीतून कोरा चहा द्यायचे. त्या आठ दिवसांवर मी पुढची पंधरा वर्षं बोलत होते. शेवटी आमचे हे म्हणाले, चल, दाखव एकदाचं. गेलो, दोन्ही मुलांना घेऊन. खाटा होत्या, काका नव्हते. पंप बिघडलेला, दुपारपर्यंत पाणी नाही. खिडकीतून जो समुद्र दिसायचा तिथे चार मजली इमारत. मी खोलीखोलीतून मुलांना फिरवत होते, ‘इथे आम्ही पत्ते खेळायचो, इथे सुधा पडली होती’, आणि मुलं माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी त्यांना कुणा परक्याच्या लग्नाचा अल्बम दाखवते आहे.

रात्री पुरुषांच्या डॉर्मिटरीत आमचे हे आणि मुलगा. ह्यांचं घोरणं म्हणजे पहाटेच्या एसटीचं इंजिन. मध्यरात्री पलीकडच्या खाटेवरून एक कॉलेजचा मुलगा अतिशय नम्रपणे म्हणाला, ‘अंकल, प्लीज, कूस बदला.’ ह्यांनी बदलली. दहा मिनिटांनी पुन्हा, ‘अंकल, आता दुसरी.’ शेवटी हे शरमेने उठून पायऱ्यांवर जाऊन बसले, तर तो मुलगाही आला. मंगळूरहून सायकलने निघाला होता. दोघं पहाटेपर्यंत गप्पा मारत बसले. सकाळी ह्यांना चाकाचं पंक्चर काढता येत होतं, जे त्याआधी येत नव्हतं.

आज माझा मुलगा ३७ वर्षांचा आहे. त्या सहलीतलं त्याला माझं काहीही आठवत नाही. पत्ते नाहीत, सुधा नाही, काकांची किटली नाही. ‘अंकल, आता दुसरी’ हे मात्र आमच्या घरात अजून म्हटलं जातं. जेवताना कुणी जास्त भाजी वाढायला लागलं तरी म्हणतात.

तेव्हा क., घरच्यांना तुमचं २००२ दाखवायला नेऊ नका. ‘गंमत कशी पटवू’ असं विचारलंत ना? पटवूच नका. त्यांची गंमत तुमच्या समोर होईल, आणि ती कदाचित तुमच्या नावावर नसेल. कसोल तर नकोच. तिथे आता इतके कॅफे आणि इतकी गर्दी आहे की तुम्ही सारखं ‘इथे तेव्हा हे नव्हतं’ म्हणत राहाल, आणि हे वाक्य ऐकणाऱ्याला फार कंटाळवाणं असतं.

त्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीत दोन रात्री. दोनच. तुम्ही डोंबिवलीच्या, म्हणजे कल्याणला जाऊन सकाळची तपोवन एक्सप्रेस धरायची आणि दुपारी संभाजीनगरला उतरायचं. स्टेशन रस्त्यावर यूथ हॉस्टेल आहे. कुटुंबाला खोली कशी मिळते ते आधी फोन करून विचारा, नुसतं संकेतस्थळ बघून निघू नका. पहिल्या दिवशी संध्याकाळ जवळपास फिरण्यात जाईल, दुसरा दिवस वेरूळचा. मंगळवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात (अजिंठा सोमवारी बंद). मुलांना कैलास लेणं वरून दाखवा आणि मग खाली न्या. एक अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणला आहे हे वर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. सासूबाईंना घृष्णेश्वर तिथून हाकेच्या अंतरावर आहे. ज्योतिर्लिंगाचं दर्शन होणार म्हटल्यावर उतरण्याच्या जागेबद्दलची त्यांची तक्रार अर्ध्यावर येईल, हा माझा अंदाज. आणि समजा यजमान अगदीच हटून बसले, तर त्याच स्टेशन रस्त्यावर एमटीडीसीचं निवासही आहे. ते आणि त्यांची आई तिथे, तुम्ही आणि मुलं हॉस्टेलात. नवरा-बायकोने दोन रात्री वेगवेगळ्या छपराखाली काढल्या म्हणून काही बिघडत नाही.

गोव्याकडे किंवा हिमाचलात जी नव्या धाटणीची बॅकपॅकर हॉस्टेलं आहेत, त्यांच्या भिंती रंगवलेल्या आणि कॉफी बरी असते. पण त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी १८ वर्षांखालच्या मुलांना डॉर्ममध्ये घेत नाहीत. कुटुंबाला वेगळी खोली घ्यावी लागते, आणि मग कधीकधी भाडं साध्या हॉटेलाइतकंच होतं. तेही आधी विचारावं. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी तळमजला, खोलीला लागून न्हाणीघर आणि कमोड, या तीन गोष्टींवर तडजोड करू नका. वरच्या खाटेला कठडा आहे ना ते बघा. सगळ्यांची मूळ ओळखपत्रं, एक छोटं कुलूप, पंचे, पातळ चादरी आणि रबरी चपला घ्या. घोरणारं कुणी असेल तर कापसाचे बोळे घ्या, आणि ते शेजाऱ्यांना वाटण्याइतके घ्या.

मुलीचं काय करायचं, असं तुम्ही विचारलं नाही. बरं केलंत. काही करू नका. पंधराव्या वर्षी ‘ई’ हे मत नसतं, तो नुसता श्वास असतो.

आता ताटाकडे येते.

कॅम्पवर जेवण झालं की बर्फासारख्या पाण्याखाली डबा धरून बोटं बधिर होईपर्यंत घासायचा, हे तुम्ही किती प्रेमाने लिहिलं आहे. भांडी घासण्याची आठवण कुणाला गोड वाटते? तुम्हाला वाटते, कारण तो एकच डबा होता. घासला, सॅकमध्ये टाकला, संपलं. आज तुमच्या ओट्यावर पाच ताटं, सात वाट्या, कुकर, तवा, दुधाचं पातेलं, आणि बाई न आल्याचा फोन. मला वाटतं तुम्हाला सार पासही नको आहे आणि डॉर्मिटरीही नको आहे. चार दिवस तुम्हाला कुणाचीच काही नसायचं आहे. यात खूळ कसलं? पण ही गोष्ट घरच्यांना सोबत नेऊन मिळणार नाही. त्यांना हॉस्टेलात नेलंत तरी तिथे तुम्ही ‘आई, माझा टॉवेल कुठाय’चं उत्तर देणारीच असणार.

म्हणून हे वेगळं मागा. त्या चार मैत्रिणींना फोन करा. सगळ्या आता ४५-४६ च्या, कुणाला थायरॉइड, कुणाची मुलगी बारावीला. तारीख जमायला दोन महिने लागतील. दोघीच जमल्या तर दोघी जा. कुणीच नाही जमली तर एकट्या जा, बायकांची वेगळी डॉर्मिटरी अशा बहुतेक ठिकाणी असते. घरी सांगताना ‘जाऊ का?’ असं विचारू नका, ‘अमुक तारखेला जाते आहे’ म्हणा. निघताना फ्रीजमध्ये भाज्यांचे डबे भरून ठेवू नका. कुकर किती शिट्ट्यांनी बंद करायचा हे पंधरा वर्षांच्या मुलीला आणि पन्नाशीच्या बापाला कळतं. वरण जरा पातळ होईल.

आणि कुठेही न जाता, या सोमवारपासून, घरात ज्याचं ताट त्याने धुवायचं. यजमानांनीसुद्धा. सासूबाईंचं ताट नातवाने. पहिल्यांदा विरोध बहुधा सासूबाईच करतील, ‘पुरुषांनी का?’ म्हणून. शांतपणे ऐकून घ्या. चाळीतल्या त्या मोरीत उकिडवं बसून रोज सात ताटं त्यांनीच धुतली आहेत, आणि त्यांना कुणी कधी कसोलला पाठवलं नव्हतं. त्यांच्या विरोधात तेही थोडं मिसळलेलं असतं. आठवडाभराने त्या मुलाला ‘नीट घास, कडेला आमटी राहिली’ म्हणून ओरडायला लागल्या, की समजा जमलं.

कार्डाची मुदत केव्हाच संपली असणार. नवं काढा, फी फार नसते. त्याला फोटो लागेल. बँकेच्या ओळखपत्रावरचा गंभीर चेहऱ्याचा देऊ नका, धाकट्याला मोबाइल देऊन गच्चीत एक काढून घ्या.